ग्रुप जमविणे सोपे, सांभाळणे अवघड

धंद्यात पैशाइतकेच ओळखीचे भांडवल लागते, हे रायगडच्या किनाऱ्याला नव्याने सांगावयास नको. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागातील माणूस मुंबईला आणि पुढे आखातात गेला तो गाववाल्यांच्या आधारानेच. परमुलखात गावची जमात असली की नोकरीची खबर लागे, अडीअडचणीला चार माणसे धावून येत. पण अशी जमात उभी राहण्यास वर्षे लागत. माणसे एका जागी यावी लागत आणि कोणाला तरी पत्रव्यवहार सांभाळावा लागे.

आज हे काम मोबाईलवर घडीभरात होते. २००४ साली ऑर्कुट आणि फेसबुक निघाले, २००९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आले. ऑर्कुट २०१४ साली बंद पडले, परंतु जोडले जाण्याची सवय राहिली. २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि हे साधन खेड्यातील कारागिराच्याही हाती आले. त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात २५६ माणसे घेण्याची सोय झाली. २०२२ मध्ये ही मर्यादा १०२४ वर गेली.

याचा व्यापारी उपयोग २०२० साली स्पष्ट दिसला. ऐन हापूसच्या हंगामात टाळेबंदी आली, वाशीचा घाऊक बाजार मध्ये मध्ये बंद राहिला. तेव्हा कोकणातील अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवरून मागणी गोळा केली व पेट्या थेट दारात पोहोचविल्या. पाण्याच्या तक्रारींसाठी निघालेल्या ग्रुपातून गिऱ्हाईक तयार झाले!

त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन-मुरूडच्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचे नवे रोप उत्पन्नाला येण्यास पाच-सात वर्षे जातात, यावरून नुकसानीची कल्पना यावी. वीज गेली, टॉवर बंद पडले आणि गावातले मोबाईल मुके झाले. अशा वेळी ग्रुपात सगळी गावातलीच माणसे असतील तर त्याचा काय उपयोग? बाहेरगावचा सभासदच तेव्हा कामी येतो.

एरवीच्या व्यवहारातही हेच खरे आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती खबर जिवलग दोस्ताकडून नव्हे, तर अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून लागली होती. कारण उघड आहे. जवळच्यांना जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी खबर दुरून येते. सोडे व सुके बोंबील विकणाऱ्याने आपल्याच आळीतील विक्रेत्यांचा ग्रुप केला तर भावाची चर्चा होईल, गिऱ्हाईक मिळणार नाही. त्यात पनवेलचा दुकानदार हवा, टेम्पोवाला हवा, दुबईला असलेला गाववालाही हवा.

मात्र जमलेले ग्रुप लवकरच सुकतात, हेही आम्ही पाहतो. कामाचा एक निरोप आणि शुभेच्छांची पन्नास चित्रे! म्हणून ग्रुप एकाच कामाचा असावा. भाव, वजन व माल पोहोचविण्याची तारीख स्पष्ट लिहावी. वर्गणी काढली तर हिशेब त्याच ग्रुपात मांडावा; तो पैसा अमानत आहे.

फसवणुकीपासूनही सावध राहावयास हवे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. जो टाकावयास सांगतो तो ठग समजावा. दुसऱ्या सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू असल्याखेरीज, केवळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तरीही असा मजकूर टाकणाऱ्याला अ‍ॅडमिनने वेळीच बाहेर काढावे, हे बरे.

व्यापारी व कारागीर बंधूंना आमची आणखी एक सूचना आहे. ग्रुपातील प्रत्येकाचे नाव, गाव, धंदा आणि नंबर एका वहीत उतरवून ठेवा. टॉवर पुन्हा केव्हा पडेल हे सांगता येत नाही. वही मात्र कपाटात राहील.