कॉन्ड्युटमधील तारा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सदाशिव पेठेतील जुन्या वाड्यांत लाकडी केसिंग-कॅपिंगमधून भिंतीवर उघडपणे दिसणारे वायरिंग, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्यावर कॉन्ड्युटमध्ये, म्हणजे भिंतीत आणि स्लॅबमध्ये पुरलेल्या पीव्हीसी पाइपांत गेले आणि नजरेआड झाले. पुढे घरात गीझर, एसी, इंडक्शन शेगडी येते तेव्हा भिंत फोडायला नको म्हणून जुन्याच पाइपातून आणखी एक सर्किट ओढून घेतले जाते. ‘वायर आत जाते आहे, म्हणजे चालेल’ ही त्यामागची समजूत या विषयातील सर्वांत घातक होय.

पाइपाची भरण-क्षमता म्हणजे तारांचे इन्सुलेशनसह एकूण छेदक्षेत्र पाइपाच्या आतील छेदक्षेत्राच्या किती टक्के असावे याची मर्यादा. दोनपेक्षा जास्त तारांसाठी अमेरिकेचा नॅशनल इलेक्ट्रिकल कोड ती 40 टक्के ठरवतो. हे गणित करताना दोन आकडे हटकून फसवतात. 20 मि.मी.चा पाइप म्हणजे बाहेरून 20 मि.मी.; मध्यम जाडीच्या पाइपाचा आतला व्यास साडेसोळा मि.मी.च्या आसपास भरतो. तसेच 2.5 चौ. मि.मी.ची तार हे माप केवळ तांब्याचे असून, इन्सुलेशन धरून व्यास सुमारे 3.6 मि.मी. आणि छेदक्षेत्र सुमारे 10 चौ. मि.मी., म्हणजे चौपट होते. पाइपाचे आतील क्षेत्र सुमारे 214 चौ. मि.मी., त्याचे 40 टक्के 85. त्यामुळे कागदावर आठ तारा बसतात.

मात्र केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचा तक्ता त्याच पाइपात सरळ मार्गावर पाच आणि वळणाच्या मार्गावर फक्त तीन तारांना परवानगी देतो. दोन बॉक्समधील अंतर 4.25 मीटरपेक्षा जास्त नसेल आणि पाइप 15 अंशांहून जास्त वळत नसेल, तरच तो मार्ग सरळ समजला जातो. घरातील बहुतेक मार्ग या व्याख्येत बसतच नाहीत. बेंडपाशी ओढाताणीत इन्सुलेशन खरवडले जाते आणि ती इजा पुढे कोणालाही दिसत नाही, म्हणून हा कडकपणा योग्यच आहे. अर्थिंगच्या तारेतून एरवी प्रवाह वाहत नसला, तरी ती जागा व्यापते आणि म्हणून मोजणीत धरावीच लागते.

‘एमसीबी आहे, मग भीती कशाची?’ हा दिलासाही अपुरा आहे. एमसीबी आपल्या सर्किटचा प्रवाह पाहतो, पाइपातील उष्णता नव्हे. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या तक्त्यानुसार तीन भारित सर्किटे एकाच पाइपात असल्यास तारेची प्रवाहक्षमता 0.70 ने गुणावी लागते. एकटी असताना 20 अँपिअर वाहणारी तार तिथे 14 अँपिअरचीच उरते, पण 16 अँपिअरचा एमसीबी 15 अँपिअरवर पडत नाही. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादा 70 अंश सेल्सिअस असते आणि ती वारंवार ओलांडली गेली, की ते कडक होऊन तडकू लागते.

त्यामुळे नव्या कामात प्लास्टरपूर्वीच परवानाधारक ठेकेदाराकडून प्रत्येक पाइपातील तारांची यादी लेखी घ्यावी. जुन्या घरातील 20 मि.मी.च्या वळणदार पाइपात गीझरच्या फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तारा असतील, तर तो पाइप भरलेला आहे. एसीसाठी भिंतीवरून उघडा न्यावा लागला तरी वेगळाच पाइप घालावा.