लादीखालचं काम

दहा रुपयांचं नाणं घ्या आणि बाथरूमच्या लाद्यांवर एकेक करून वाजवत चला. भरीव लादी टणक वाजते, पोकळ लादी मडक्यासारखी. गेल्या पावसाळ्यात मी आमच्या घरी हा उद्योग केला, तेव्हा एका भिंतीवरच्या चाळीस लाद्यांपैकी तेरा मडकी निघाली. काम करणाऱ्या मिस्त्रीचा अनुभव वीस वर्षांचा. "साहेब, सिमेंट भरपूर घातलंय," तो म्हणाला. ते खरंच होतं, आणि घोटाळा तिथंच होता.

लादीचं काम बघून बघून येतं, त्याला शिक्षण कशाला, हा या धंद्यातला सगळ्यात जुना समज. बघून येतं हे खोटं नाही, फक्त जे बघितलं तेवढंच येतं. आपल्याकडच्या गवंड्यांच्या दोन पिढ्या शहाबादी फरशी आणि मोझॅकवर शिकल्या. त्या फरश्यांची पाठ खरबरीत, थोडंफार पाणी पिणारी. खाली वाळू-सिमेंटचा माल, वर स्लरी, फरशी ठोकून बसवली की सिमेंट धरायचं. आता मोरबीहून येणारी व्हिट्रिफाइड लादी आपल्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. तिच्या पाठीत नुसत्या सिमेंटला शिरायला जागाच नसते. म्हणून पॉलिमर मिसळलेलं अ‍ॅडहेसिव्ह लागतं. साइटवर त्याला सरसकट 'केमिकल' म्हणतात. त्यातही प्रकार आहेत, आणि कोणत्या लादीला व कोणत्या जागेला कुठला वापरायचा याचं 'आयएस 15477' हे भारतीय मानकही आहे.

भिजवण्याचंच बघा. भिंतीची लादी लावण्याआधी बादलीत बुडवून ठेवायची, हे प्रत्येक बिगारी पहिल्या आठवड्यात शिकतो. साधी सिरॅमिक वॉल टाइल दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते. सिमेंटनं लावताना ती सिमेंटचंच पाणी ओढून घेईल, म्हणून भिजवणं बरोबर. तीच लादी अ‍ॅडहेसिव्हनं लावायची असेल तर भिजवल्यानं पकड बिघडते. व्हिट्रिफाइडला भिजवून उपयोगच नाही, कारण ती पाणी घेतच नाही. हात तोच, सवय तीच, उत्तरं तीन. चांगल्या प्रशिक्षणात हे 'का' शिकवतात.

आमच्या मिस्त्रीनं लादीच्या पाठीवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून ती भिंतीवर दाबली होती. रीत अशी की दातेरी थापीनं अ‍ॅडहेसिव्हच्या एका दिशेनं रेघा ओढायच्या, लादी किंचित सरकवत दाबून त्या रेघा मोडायच्या, आणि सुरुवातीच्या लाद्यांपैकी एक लगेच उचलून पाठ बघायची. पाठ सगळीकडे माखली असेल तर पुढे जायचं. दोन मिनिटांचं काम. नवशिक्यालाही जमतं, पण अनुभवी माणसाला लावलेली लादी उचलायला जिवावर येतं.

दुसरा समज: ज्याला गणित जमत नाही त्यानं हे काम करावं. उलट इथं गणित रोज लागतं, आणि चुकलं तर भिंतीवर कायमचं दिसतं. समजा भिंत 1,900 मिलिमीटर रुंद, लादी 300 ची, सांधा 2 मिलिमीटरचा. डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली तर सहा लाद्या सांध्यांसकट 1,812 मिलिमीटर खातात आणि उजवीकडे 88 मिलिमीटरची केविलवाणी पट्टी उरते. आधी आखून पाच लाद्या मध्ये घेतल्या तर त्या सहा सांध्यांसह 1,512 होतात, आणि दोन्ही टोकांना 194 मिलिमीटरचे सारखे तुकडे येतात. लाद्या त्याच, मजुरी तीच. जमिनीवर दोरीनं तीन-चार-पाचचा त्रिकोण धरून गुण्या तपासणं, ओळंबा टाकणं, नहाणी ट्रॅपकडे मीटरमागे साधारण 10 मिलिमीटरचा उतार धरणं, हे सगळं पहिली लादी लागण्याआधीचं काम आहे. दहा बाय बाराच्या खोलीला दोन बाय दोनच्या लाद्यांची किती खोकी? एका खोक्यात चार लाद्या, म्हणजे 1.44 चौरस मीटर. भागाकार आठ खोकी सांगतो. कापाकापीची दहा टक्के तूट धरणारा नऊ मागवतो, तीही एकाच बॅचची, कारण नंतर आणलेल्या खोक्याची छटा जुळेलच असं नाही. 'वर्ल्डस्किल्स' या जागतिक कौशल्य स्पर्धेत भिंत आणि फरशीच्या लाद्यांचा स्वतंत्र गट असतो. तिथं लेव्हल, ओळंबा आणि सांधे मोजून गुण देतात.

मग शिकायचं कुठं? इथं जाहिरातींनी बराच गोंधळ घातलाय. आयटीआयमध्ये 'मेसन (बिल्डिंग कन्स्ट्रक्टर)' हा एक वर्षाचा ट्रेड आहे, त्याला आठवी पास चालतं. दहावी-बारावी लागतेच असं नाही. त्यात पूर्ण गवंडीकाम येतं. फक्त लाद्यांचं काम शिकायचं तर कौशल्य अभियानातले छोटे कोर्स आहेत. 'पूर्वज्ञानाची मान्यता', म्हणजे आरपीएल, मात्र नवशिक्यासाठी नाही. ज्याच्या हातात काम आधीच आहे त्याची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची ती सोय आहे. तिला 'चार दिवसांत टाइल फिटर व्हा' असं म्हणणारा फसवतोय. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत गवंडी आहे. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत. तीही हातानं काम करणाऱ्या कारागिरासाठी. आठवड्याभरात कोणी शून्यातून मिस्त्री होत नाही.

"कागदाला कोण विचारतं?" हा प्रश्न मला थोडा पटतो, गल्लीतल्या गिऱ्हाइकानं मला तरी कधी प्रमाणपत्र विचारलेलं दिसलं नाही. पण जर्मनीचं उदाहरण मजेशीर आहे. तिथं लाद्या लावण्याची उमेदवारी तीन वर्षांची. स्वतःचा धंदा काढायला त्यावर 'माइस्टर'ची परीक्षा लागायची. 2004 मध्ये सरकारनं ती अट काढून टाकली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये पुन्हा आणली. आपल्याशी त्याचा संबंध असा की जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार महाराष्ट्रानं 2024 मध्ये केला. तिकडे जायचं म्हटलं की आधी जर्मन भाषा लागते, आणि कागदही विचारतात.

बायकांना जमणार नाही, हेही ऐकू येतं. दोन बाय चारची लादी साधारण 15 किलोची असते. दिवसभर डोक्यावर मालानं भरलेली घमेली वाहणाऱ्या बाईला ती पेलवणार नाही, असं म्हणताना लोक हसत कसे नाहीत, हे मला कळत नाही. ती बिगारीच राहते, कारण तिच्या हातात थापी कोणी देत नाही.

आणि धूळ. रुमाल बांधला की भागतं, असं सगळे मानतात. लादी आणि ग्रॅनाइट कोरडं कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ रुमालातून सहज आत जाते, फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कापताना पात्यावर पाणी आणि तोंडावर एन-95 दर्जाचा मास्क हे शिक्षणाच्या पहिल्या दिवशी यायला हवं. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीही तेव्हाच समजावून द्यावी: वय 18 ते 60, आणि मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला. आमच्या मिस्त्रीनं वीस वर्षांत ती केलेली नव्हती.

तेरा लाद्या त्यानंच काढल्या. पहिल्या लादीखाली छिन्नी घातली तशी ती ठोका न मारता सुटून हातात आली. सिमेंटचे पाचही गोळे भिंतीलाच चिकटून होते. लादी उलटी करून तो बराच वेळ बघत राहिला. पाठ खोक्यातून आत्ता काढल्यासारखी कोरी होती.