‘आज जेवायला काय?’ : स्वयंपाकाची आवड नसलेल्या नोकरदार पालकांसाठी आठवड्याचे नियोजन

सायंकाळी सातच्या सुमारास देशभरातील असंख्य घरांत एकच प्रश्न विचारला जातो : ‘आज जेवायला काय?’ ज्या व्यक्तीला तो विचारला जातो, ती नुकतीच कामावरून परतलेली असते. मुलांचा गृहपाठ राहिलेला असतो, उद्याचा डबा डोळ्यांसमोर असतो आणि भाजीच्या टोपलीत दोन कांदे व एक सुकलेले गाजर उरलेले असते. अशा व्यक्तीला मुळात स्वयंपाकाची आवडच नसेल, तर हा साधा प्रश्न रोजची परीक्षा होऊन बसतो.

स्वयंपाक न आवडणे हा दोष नव्हे. अमेरिकी लेखिका पेग ब्रॅकन यांनी 1960 मध्ये नावडत्या स्वयंपाकावरच पुस्तक लिहिले आणि ते लाखोंच्या संख्येने विकले गेले. भारतीय घरांत मात्र ही नावड, विशेषतः आईची नावड, आजही अपराधी स्वरात सांगितली जाते. प्रत्यक्षात अनेक पालकांना शिजवण्यापेक्षा अधिक थकवते ते रोज नव्याने ठरवणे. हे ठरवण्याचे काम थकलेल्या वेळेतून बाहेर काढता येते, तसेच ते घरातील सर्वांमध्ये वाटताही येते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील विनावेतन कामे करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या. अशी कामे करणारे पुरुष 97 मिनिटे देत होते. 2024 च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे 289 आणि 88 मिनिटे असे आले. महिलांची दहा मिनिटे वाचली खरी. परंतु पुरुषांची नऊ मिनिटेही कमी झाली. दोहोंमधील अंतर जवळपास जिथल्या तिथे राहिले.

या सर्वेक्षणांत दिवसाची अर्ध्या-अर्ध्या तासाच्या कालखंडांत विभागणी करून त्या वेळेत व्यक्तीने काय केले, याची नोंद होते. लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणारी आई त्याच वेळी ‘मटकी भिजत घातली होती का’ याचा विचार करत असेल, तर नोंद प्रवासाची होते. मनात चालणारे हे नियोजन कोणत्याही रकान्यात सहज बसत नाही.

कौटुंबिक खर्चातही बदल दिसतो. 2023-24 च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार, खाद्यपदार्थांवरील खर्चात सर्वांत मोठा वाटा पेये, अल्पोपाहार व प्रक्रियायुक्त पदार्थांचा होता. एकूण मासिक दरडोई खर्चात त्याचे प्रमाण ग्रामीण भागात 9.84 टक्के, तर शहरी भागात 11.09 टक्के होते. यामागे अनेक कारणे आहेत. तथापि, सातच्या प्रश्नाला उत्तर नसले की हात तयार पदार्थांकडे वळतो, हा बहुतेक घरांचा अनुभव आहे.

ओझे शिजवण्याचे की ठरवण्याचे?

रात्रीचे जेवण हे एक काम नसून सहा कामांची साखळी आहे : काय करायचे ते ठरवणे, घरात काय आहे ते पाहणे, नसलेले आणणे, भिजवणे-निवडणे-चिरणे, शिजवणे आणि शेवटी आवरणे. यांपैकी शिजवण्याचा वेळ साधनांनी बराच कमी केला आहे. उघड्या भांड्यात पाणी साधारण 100 अंश सेल्सिअसला उकळते. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्याने तापमान 120 अंशांच्या आसपास जाते आणि डाळ निम्म्याहून कमी वेळात शिजते. कुकरच्या तीन भांड्यांत डाळ, भात आणि बटाटे एकाच वेळी लावता येतात. ठरवण्याचे काम मात्र कोणत्याही यंत्राने हलके केलेले नाही.

स्वयंपाकाला मावशी ठेवल्यानेही ते संपत नाही, कारण त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो : ‘ताई, आज काय करू?’ त्यांच्या सुट्टीच्या दिवशी तर सारी साखळी पुन्हा त्याच व्यक्तीच्या हाती येते. म्हणून ज्यांना स्वयंपाक आवडत नाही, त्यांच्यासाठी नव्या पाककृती शिकण्यापेक्षा निर्णयांची संख्या घटवणे अधिक उपयोगाचे ठरते.

पदार्थ नव्हे, वारांचे साचे

सात दिवसांचे सात नेमके पदार्थ लिहून ठेवण्याचा बेत बहुधा तिसऱ्या दिवशी मोडतो; ठरलेली भाजी मिळत नाही किंवा घरी यायला उशीर होतो. त्याऐवजी प्रत्येक वाराला एक साचा देणे सोपे जाते. सोमवार खिचडीचा, मंगळवार उसळीचा, बुधवार वरण-भात व एका भाजीचा, गुरुवार डोसा किंवा उत्तप्प्याचा, शुक्रवार पराठा किंवा थालीपिठाचा, शनिवार अंडी, मासे किंवा पनीरचा. रविवारी स्वयंपाकघराची सूत्रे दुसऱ्या कोणाकडे द्यावीत किंवा जेवण बाहेरून आणावे.

साचा ठरला की निर्णय लहान होतो. ‘आज काय’ या प्रश्नाच्या जागी ‘उसळ मटकीची की चवळीची’ एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर बरेचदा डब्यात शिल्लक असलेले कडधान्यच देते.

ही कल्पना भारतीय घरांना नवी नाही. सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी मांसाहार न करण्याची, ठरावीक वारी उपवास करण्याची प्रथा पाळणाऱ्या घरांत आठवड्याचा अर्धा आराखडा आपोआप ठरत असे. तमिळनाडूत एकदा वाटलेल्या पिठाच्या पहिल्या दिवशी इडल्या होतात आणि पुढे डोसे. गुजरातेत खिचडी-कढी, पंजाबात राजमा-चावल, बिहारमध्ये डाळ-भात-चोखा, बंगालमध्ये डाळ-भातासोबत उकडलेला बटाटा कुस्करून घेणे, दक्षिणेत रसम-भात आणि दही-भात, महाराष्ट्रात पिठले-भाकरी. प्रत्येक प्रांताने दमलेल्या दिवसासाठी आपले उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवले आहे.

रविवारचा दीड तास

आठवड्याच्या चार संध्याकाळी हलक्या करायच्या असतील, तर सुट्टीच्या दिवशी दीड तास पुरतो. त्या वेळेत पदार्थ करण्याऐवजी त्यांचे घटक तयार करावेत.

कांदा-टोमॅटो तेलात परतून केलेले वाटण लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवले, तर उसळ, पनीर आणि अंडाकरी या तिघांचा पाया तयार होतो. मटकी रविवारी सकाळी भिजत घालून रात्री उपसून बांधली की मंगळवारपर्यंत मोड येतात. उन्हाळ्यात लवकर, थंडीत थोडे उशिरा. बटाटे उकडून ठेवता येतात. पालेभाजी निवडून, न धुता, कागदात गुंडाळून ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते. शेंगदाण्याचे कूट, भाजणी आणि एखादी कोरडी चटणी डब्यात असली की जेवणाला चवीची खात्री असते. मळलेली कणीक मात्र आठवडाभराची करून ठेवू नये. ती एक-दोन दिवसांत वापरलेली बरी.

राजमा भिजत घालायचे विसरणे ही नित्याची चूक. अशा वेळी न भिजवलेला राजमा मंद आचेवर शिजवण्याचा प्रयत्न करू नये. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातील एका नैसर्गिक घटकामुळे उलट्या व पोटदुखी होऊ शकते. भिजवलेले पाणी फेकून राजमा ताज्या पाण्यात पूर्ण शिजवणे आवश्यक असते. त्या दिवशी न भिजवताही चालणारी मूगडाळ किंवा मसूरडाळ कामास येते.

उरलेल्याचे दुसरे रूप

आवड नसलेल्या माणसाने एकदा पेटवलेल्या गॅसवर दोन दिवसांचे काम करून घ्यावे. बुधवारचे जास्तीचे वरण शुक्रवारी कणकेत मिसळून पराठे होतात किंवा त्यात कणकेचे तुकडे सोडून वरणफळे होतात. उकडलेले हरभरे एका दिवशी उसळीत, दुसऱ्या दिवशी कांदा-काकडी-लिंबासह कोशिंबिरीत जातात. सकाळच्या पोळ्यांची फोडणीची पोळी होते.

यात एक दक्षता महत्त्वाची आहे. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. त्यामुळे शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. मोठे पातेले तसेच न ठेवता उथळ डब्यांत काढावे, म्हणजे ते लवकर थंड होते. भाताबाबत विशेष काळजी हवी. तांदळातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात आणि भात ओट्यावर तासन्‌तास राहिला तर विष तयार करतात. ते पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला म्हणूनच सकाळी फोडणी देऊ नये.

साधे जेवण कमी पौष्टिक असते का?

घाईच्या जेवणाबाबत पालकांच्या मनात सर्वांत मोठी बोच असते ती मुलांच्या पोषणाची. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार दिवसभरातील उष्मांकांपैकी तृणधान्यांचा वाटा 45 टक्क्यांच्या आत आणि डाळी, कडधान्ये व मांस यांचा सुमारे 15 टक्के असावा. उर्वरित भाग भाज्या, फळे, दूध व सुकामेवा यांतून यावा. ताटात किती पदार्थ आहेत याहून कोणत्या गटांतले आहेत, याला महत्त्व आहे.

तांदूळ किंवा गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्यातून मिळते. मूगडाळीच्या खिचडीत गाजर-मटार घातले, सोबत दही आणि काकडी ठेवली, की ते जेवण एकाच कुकरमध्ये आणि अर्ध्या तासात पुरे होते. चार वाट्या मांडल्या नाहीत म्हणून त्यात उणे काही राहत नाही.

मुलांचे नखरे आणि ताटाची वाटणी

पालकांची दुसरी अडचण म्हणजे प्रत्येकासाठी वेगळा पदार्थ. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी याबाबत जबाबदारीची वाटणी सुचवली आहे : काय, केव्हा आणि कोठे खायचे हे पालकांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. ताटात मुलाच्या आवडीचा एक तरी साधा घटक असावा, परंतु दुसरा स्वयंपाक मांडू नये. नवी भाजी मुले अनेकदा समोर आल्यानंतरच स्वीकारतात; पहिल्या नकाराला अंतिम निकाल मानू नये.

मुलांना कामातही सामील करता येते. सहा वर्षांचे मूल मटार सोलू शकते, दहा वर्षांचे कोशिंबीर कालवू शकते, पंधरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने कुकर लावायला शिकण्यास हरकत नाही.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र ‘मदत’ हा शब्दच अडथळा ठरतो. पतीने भाजी चिरून दिली, पण कोणती आणि किती हे पत्नीलाच सांगावे लागले, तर ओझे हललेले नसते. आठवड्यातील दोन किंवा तीन वार पूर्णपणे दुसऱ्या व्यक्तीचे असावेत : साचा निवडण्यापासून सामान आणण्यापर्यंत आणि ओटा पुसण्यापर्यंत. त्या दिवशी पिठले दाट झाले तरी बाकीच्यांनी सूचना न करता ते जेवावे. सर्वेक्षणांतील 289 आणि 88 मिनिटांमधील अंतर कमी होण्याचा घरगुती मार्ग हाच आहे.

बेत मोडलेल्या दिवसासाठी

कोणताही आराखडा आठवड्यात एकदा तरी कोलमडतो. गाडी उशिरा येते, मूल तापाने फणफणते, बैठक लांबते. त्या दिवसासाठी विचार न करता होणारे तीन पदार्थ कायम ठरलेले असावेत आणि त्यांचे सामान घरातून कधीही संपू देऊ नये : मेतकूट-तूप-भात, दहीपोहे, अंडी आणि पाव. अशा दिवशी बाहेरून जेवण मागवण्यातही अपयश मानण्याचे कारण नाही. तेही नियोजनाचाच एक भाग असू शकते.

वारांचे साचे, आणीबाणीचे तीन पदार्थ आणि कोणता वार कोणाचा, एवढे एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावले की काम भागते. सातच्या सुमारास प्रश्न तेव्हाही विचारला जाईलच. फरक इतकाच, की उत्तर एकाच व्यक्तीच्या डोक्यात नसेल, आणि घरात आधी पोहोचलेला कोणीही कागद वाचून कुकर लावू शकेल.