उंबरठ्यावरची मुलं – भाग 6 : सेंटर निवडण्याआधी

मागच्या भागात मुलांच्या वागण्यातल्या नशेच्या खुणा पाहिल्या. आता त्यापुढचं. दप्तरात पुडी सापडते, शाळेतून फोन येतो किंवा शेजारची मावशी दबक्या आवाजात काहीतरी सांगून जाते. त्यानंतर घराघरांत जे घडतं ते फारसं वेगळं नसतं. बाबांचा हात उठतो, आई देवासमोर शपथ घ्यायला लावते, मोबाइल कपाटात जातो आणि नातेवाइकांना कळू द्यायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. काही महिन्यांनी पुन्हा तेच सापडतं. मग कुणाच्या तरी ओळखीतून एखादं 'सेंटर' कळतं, तिथली गाडी येते आणि पोराला उचलून नेते.

हा शेवटचा मार्ग मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. अठराच्या आतल्या मुलाचा उपचार आईवडिलांना बाहेर ठेवून करायचा नसतो. वैद्यकशास्त्राचं म्हणणं हेच आहे आणि कायद्याचंही.

पण आधी त्या पहिल्या तासाबद्दल. मूल नशेत असताना जाब विचारू नका, त्याचा काही उपयोग नसतो. पंक्चरचं सोल्यूशन, थिनर किंवा व्हाईटनर हुंगताना मूल सापडलं, तर त्याच्यावर धावून जाऊ नका, दरडावू नका, पाठलाग तर अजिबात करू नका. ही रसायनं हृदयाला अ‍ॅड्रेनालिनच्या बाबतीत फार संवेदनशील करून ठेवतात. अशा वेळी एकदम दचकलं किंवा पळालं, तर ठोके बिघडून मूल जागच्या जागी दगावू शकतं, अगदी पहिल्यांदाच हुंगलेलं असलं तरी. शांत आवाजात बोला, हातातलं फडकं किंवा पिशवी काढून घ्या, खिडक्या उघडा. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

सोल्यूशनचा विषय मुद्दाम आधी घेतला. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त प्रमाणात आढळलेला नशेचा प्रकार एकच होता, तो हा हुंगण्याचा. मदतीची गरज असलेल्या अशा मुलांचा अंदाज होता 4.6 लाख. बाटलीतल्या व्हाईटनरच्या विक्रीवर 2012 मध्ये बंदी आली, तरी पंक्चरची ट्यूब कुठल्याही दुकानात मिळते. आणि लघवीच्या नेहमीच्या ड्रग टेस्टमध्ये ही नशा दिसत नाही. रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला म्हणून पेढे वाटू नयेत.

मूल नेमकं काय घेतंय, यावर पुढचं सगळं ठरतं. गर्द म्हणजे ब्राउन शुगर घेणाऱ्याला ती थांबली की 'टर्की' लागते. अंग मोडून येतं, नाक गळतं, जुलाब होतात, झोप उडते. त्यावर औषधं आहेत, मुलाला कोंडून तळमळत ठेवण्याची काही गरज नाही. झोपेच्या गोळ्या, ज्यांना पोरं 'बटण' म्हणतात, त्या बरेच दिवस घेऊन एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. तो प्रयोग घरी करू नका. गांजा, एमडी (मेफेड्रोन) आणि सोल्यूशन यांच्यावर मात्र हमखास सोडवणारी गोळी नाही. तिथे मुख्य काम समुपदेशनाचं. त्याच्या जोडीला मुळात दडलेलं नैराश्य, भीती किंवा अतिचंचलता असेल तर तिच्यावर इलाज. पुष्कळदा नशा तिथूनच सुरू झालेली असते.

म्हणून पहिलं दार मानसोपचारतज्ज्ञाचं. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. बहुतेक मुलांना भरती करावं लागत नाही. घरी राहून, शाळा चालू ठेवून, आठवड्याला एक भेट घेऊन काम होतं.

भरती करायचीच झाली तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 लागू होतो, कारण दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास त्याच्या व्याख्येत येतात. त्यातलं कलम 87 अल्पवयीनांसाठी आहे. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर, अशा दोघांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासायचं. बाहेरच्या बाहेर उपचार जमत नाहीत अशी दोघांची खात्री पटली तरच भरती. मोठ्या माणसांच्या वॉर्डात मुलाला ठेवायचं नाही. आणि पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस भरतीचा पूर्ण काळ मुलासोबत राहिलं पाहिजे. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबतीला बाई. साखळीने बांधायला कायद्यात पूर्ण मनाई आहे. आता 'तीन महिने भेटायला येऊ नका, आम्ही सुधारून देतो' असं सांगणारं सेंटर या कसोटीला लावून पाहा.

घरच्यांना उपचारात ओढण्याचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. अनिल अवचट यांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली. त्यातून 1986 साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचट यांनी तिथे रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांशीही काम मांडलं. रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट उभा राहिला. मोठ्या माणसाच्या बाबतीत जे खरं, ते तेरा-चौदाच्या पोराच्या बाबतीत किती तरी जास्त.

एक भीती पालक उघड बोलत नाहीत, ती पोलिसांची. एनडीपीएस कायद्याचं कलम 64-अ माहीत असू द्या. स्वतः नशा करणारा किंवा अल्प प्रमाणात बाळगणारा व्यसनी मान्यताप्राप्त ठिकाणी आपणहून उपचाराला आला, तर त्याच्यावरचा खटला चालत नाही. उपचार पूर्ण मात्र करावे लागतात. उलट मुलाला ड्रग्ज देणाऱ्याला किंवा त्याच्याकरवी विकणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तेव्हा पोराने पुरवणाऱ्याचं नाव सांगितलं, तर ते दडपू नका.

उपचारानंतर मूल पुन्हा एखाददा घसरेल. त्या दिवशी 'सगळं पाण्यात गेलं' म्हणू नका, पुढची भेट अलीकडे घ्या.

कुठल्याही केंद्रात पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, मला मुलाजवळ राहता येईल का. शेवटच्या प्रश्नाला 'नाही' उत्तर आलं तर मुलाला घेऊन परत या आणि व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला, 14446 वर, फोन लावा. तो फुकट आहे.