देव चालतो, पण भक्त?

मागच्या रविवारी माजिवड्यात मित्राच्या घरी खेळताना माझी एक चूक झाली. आज तीच समजावून सांगतो.

एक नवी मुलगी पाथफाइंडर सोसायटीच्या पहिल्या आवृत्तीसाठी अस्मोडियसची क्लेरिक बनवून आली होती. अस्मोडियस म्हणजे नरकाचा राजा. मी म्हटलं, "दुष्ट देव? बाद!" बिचारीचा चेहराच पडला.

आता नियम बघा. पहिल्या आवृत्तीत सोसायटीची बंदी दुष्ट पात्रावर होती, दुष्ट देवावर नाही. क्लेरिकची अलाइनमेंट देवापासून एक पायरी लांब असली तरी चालायची. अस्मोडियस 'लॉफुल ईव्हिल', म्हणून 'लॉफुल न्यूट्रल' क्लेरिक चालते. तिची तशीच होती!

मग माझा घोळ कुठे झाला? २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत पायरीचा नियम गेला आणि प्रत्येक देवापुढे भक्तांच्या अलाइनमेंटची यादी आली. अस्मोडियसपुढे फक्त 'लॉफुल ईव्हिल'. म्हणजे तिथे तो बाद. मी तोच नियम इकडे लावला. २०२३ च्या रीमास्टरमध्ये तर अलाइनमेंटच काढून टाकली.

तेव्हा मंडळी, "हा देव चालतो का?" याच्या आधी "आवृत्ती कोणती?" ते विचारा. तिला फोन करून सॉरी म्हटलंय. पुढच्या रविवारी ती त्याच क्लेरिकला घेऊन येतेय.