पुढच्या एक्सलचे ऑइल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘फोर व्हील मी चिखलणीपुरतेच लावतो, मग पुढच्या एक्सलचे ऑइल कशाने खराब होईल?’ हा समज गावोगाव पक्का बसला आहे. फोर व्हीलचा दांडा काढला की गिअरबॉक्सकडून पुढे येणारी ताकद तुटते, एवढेच. पण ट्रॅक्टर चालला की पुढची चाके फिरतात आणि बहुतेक ट्रॅक्टरांत ती हबमधले गिअर, डिफरन्शियल आणि मधला शाफ्टही फिरवत राहतात. उसाची ट्रॉली डांबरी रस्त्याने कारखान्यावर नेतानाही पुढचे गिअर त्याच ऑइलात घुसळत असतात. उलट अशा रस्त्यावर फोर व्हील लावून ठेवले, तर नुकसान जास्त. पुढच्या चाकांची गती मागच्यांपेक्षा मुद्दाम थोडी जास्त ठेवलेली असते. चिखलात चाक घसरून तो फरक मिटतो, डांबरावर मात्र सगळा ताण गिअर आणि टायरवर येतो, ऑइल तापते.

‘मधला प्लग उघडून पाहिला, ऑइल आहे.’ इथे फसगत होते. अनेक ट्रॅक्टरांत मधल्या डिफरन्शियलचे ऑइल वेगळे आणि दोन्ही टोकांच्या हबचे वेगळे असते. मध्ये भरलेले ऑइल टोकाला पोहोचत नाही, त्यामुळे एका बाजूचा हब कोरडा पडला तरी मधल्या प्लगवरून कळत नाही. काही ट्रॅक्टरांत मात्र सगळे ऑइल एकच असते. आपला कुठला, हे ट्रॅक्टरसोबत आलेल्या पुस्तकात पाहा. ट्रॅक्टर सपाट जागी, थंड असताना तपासावा. हबच्या तोंडावरच प्लग असेल, तर पुस्तकात दाखवलेल्या जागी तो येईपर्यंत चाक फिरवावे लागते, नाहीतर पातळी चुकीची दिसते. पातळीच्या प्लगच्या काठापर्यंत ऑइल पुरे. जास्त भरले तर फेस येतो, उष्णता वाढते आणि सील गळू लागते.

ऑइल निवडताना आकड्यांनी होणारा घोळ सर्वांत मोठा. 90 नंबरचे गिअर ऑइल 40 नंबरच्या इंजिन ऑइलच्या दुपटीहून घट्ट असते, असे बरेच जण मानतात. दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे. 100 अंश सेल्सिअसला एसएई 90 गिअर ऑइलचा घट्टपणा 13.5 ते 18.5 सेंटिस्टोक्स असतो आणि एसएई 40 इंजिन ऑइलचा 12.5 ते 16.3. म्हणजे जवळजवळ सारखाच. तरीही एकाच्या जागी दुसरे चालत नाही, कारण गिअरच्या दातांवरचा दाब सोसणारी रसायने इंजिन ऑइलात तेवढी नसतात.

‘जीएल-5 हे जीएल-4 पेक्षा नवे, म्हणून चांगले’ हेही खरे नाही. जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायने जास्त असतात. हायपॉइड गिअरला ती लागतात, पण काही ऑइलांतली ही रसायने पितळी आणि ब्राँझच्या भागांना खातात. पुस्तकात जीएल-5 लिहिले असेल तर जीएल-4 अपुरे पडेल. काही कंपन्या पुढच्या एक्सलमध्येही मागच्या ट्रान्समिशनचे, म्हणजे वेट ब्रेकवालेच ऑइल सांगतात. तिथे दुकानदाराने दिलेले 140 नंबर ओतू नये. घट्ट ऑइल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते.

भातखाचरात चालणाऱ्या ट्रॅक्टरची काळजी वेगळी. ऑइल दुधाळ दिसले म्हणजे पाणी शिरले. वरून थोडे नवे घालून ते सुधारत नाही. बेअरिंग गंजत राहतात. सील झिजलेले असते, किंवा एक्सलवरचा छोटा ब्रीदर चिखलाने बुजलेला असतो. तापलेला एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असल्याने सीलमधून पाणी ओढले जाते. ऑइल बदलताना हा ब्रीदर साफ करायला मिस्त्रीला आठवणीने सांगावे.

टू व्हील ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलमध्ये गिअरच नसतात, त्यामुळे तिथे काम ग्रीसचे. ग्रीसचा लाल, निळा रंग दर्जा सांगत नाही, तो केवळ रंग असतो. किंगपिन आणि मधल्या पिनला जुने मळके ग्रीस निघून नवे दिसेपर्यंत गन मारावी. हबच्या बेअरिंगला मात्र ठासून भरू नये.

यंदाची चिखलणी उरकली की सगळे प्लग उघडून पाहा आणि ऑइल दुधाळ दिसले तर पुढच्या हंगामाची वाट न पाहता सील बदलून घ्या.