गिऱ्हाइकांचा सौदा

आमच्या शिरड शहापूरसारख्या गावात कापडाचा बराचसा व्यवहार आता व्हॉट्सॲपवर चालतो. पूर्वी भिवंडी-मालेगावचे एजंट नमुने घेऊन येत. आता सुरतेहून ताक्याचा फोटो येतो, भाव ठरतो, बिल्टीही तिथेच मिळते. रमजान ईद आणि लग्नसराईत गिऱ्हाइके 'नवीन काय आले?' असे त्यावरच विचारतात. तेव्हा मोठ्या कंपनीने असे लोकप्रिय नेटवर्क विकत घ्यावे की नाही, हा प्रश्न फक्त अमेरिकेतील शेठ लोकांचा नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला घेण्याचा सौदा जाहीर केला. तेव्हा व्हॉट्सॲपकडे नोकर ५५ च्या आसपास, पण वापरणारे ४५ कोटी होते. पहिले वर्ष फुकट, नंतर वर्षाला एक डॉलर, म्हणजे गल्ला नावापुरताच. मग एवढी रक्कम कशाची? व्यापारी बंधूंना सांगायला नको. चालते दुकान घेताना आपण पगडी मोजतो ती भिंतींची नव्हे, गिऱ्हाइकांची.

आपल्या कायद्याला ही पगडी दिसलीच नाही. त्या काळी कंपनीची मालमत्ता व उलाढाल पाहूनच मंजुरीची गरज ठरे; त्यामुळे हा सौदा भारतीय स्पर्धा आयोगापुढे आलाच नाही. सौद्याची रक्कम २,००० कोटी रुपयांहून जास्त आणि कंपनीचा भारतात भरीव कारभार असेल तर मंजुरी घ्यावी, हा नियम १० सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला. दहा वर्षे उशिरा!

दरम्यान काय झाले? दोन्हीकडची खाती आपोआप जुळवता येणार नाहीत, असे फेसबुकने २०१४ मध्ये युरोपीय आयोगाला सांगितले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने फोन नंबर फेसबुकला देण्याचे धोरण आणले. दिशाभूल केल्याबद्दल २०१७ मध्ये ११ कोटी युरोचा दंड बसला. आपल्याकडे २०२१ च्या धोरणावरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीला, २१३.१४ कोटींचा दंड केला. जाहिरातीसाठी माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदीही घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिलात दंड कायम राहिला, बंदी मात्र उठली.

गिऱ्हाइकाचा नंबर ही आमच्याकडे अमानत असते. कोण कधी काय खरेदी करतो हे शेजारच्या दुकानदाराला सांगणारा व्यापारी बाजारात टिकत नाही.

काही बंधू म्हणतात, मोठ्या कंपनीच्या पैशामुळेच एक डॉलरची फी २०१६ मध्ये गेली, २०१८ मध्ये छोट्या दुकानदारांसाठी बिझनेस ॲप मिळाले. हे खरे आहे, आम्हीही त्याचा फायदा घेतो. परंतु फी गेली तरी मोबदला गेला नाही. तो माहितीच्या रूपाने वसूल होतो.

आमचे स्पष्ट मत असे की अशा खरेदीला परवानगी देऊ नये. एकदा दोन वह्या एक झाल्या की त्या वेगळ्या करणे कठीण. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप मेटापासून वेगळे करावेत म्हणून अमेरिकी सरकारने २०२० मध्ये दावा लावला; नोव्हेंबर २०२५ मध्ये तो हरला. परवानगी द्यायचीच तर गिऱ्हाईक स्वतः हो म्हणेपर्यंत दोन्हींची माहिती वेगळीच राहील, ही अट सौद्याआधी लेखी घ्यावी. नव्या नियमाने स्पर्धा आयोगाच्या हाती तशी संधी दिली आहे.